पर्स खूप झाल्यात, कमी कशा करू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या कपाटात ४३ पर्स होत्या. आता ११ आहेत. मधल्या सव्वा वर्षात मला जे प्रश्न पडले आणि नंतर मैत्रिणी, बहिणी, ओळखीपाळखीच्या बायका जे विचारत राहिल्या, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. 'पर्स' हा शब्द मी सरसकट वापरला आहे. खांद्याची मोठी बॅग, टोट, स्लिंग, क्लच, बटवा, सगळं त्यात आलं.

नेमक्या किती पर्स म्हणजे जास्त?

आकडा सांगता येत नाही, आणि कुणी सांगितलाच तर मनावर घेऊ नका. कुणाला रोज कागदपत्रं घेऊन फिरावं लागतं, कुणी आठवड्यातून दोनदाच बाहेर पडतं. दोघींना एकच आकडा कसा लागू होईल?

त्यापेक्षा असं करा. कपाट न उघडता वही घेऊन बसा आणि आपल्याकडच्या पर्सची यादी करा. नुसतं 'काळी' लिहून भागणार नाही. 'काळी, दोन कप्प्यांची, पुढे चेन, पट्टा काढता येणारा' एवढं लिहा. मग कपाट उघडून मोजा. ज्या यादीत आल्याच नाहीत, तिथून कामाला लागायचं. माझ्या यादीत २४ आल्या होत्या. उरलेल्या १९ मधल्या सहा तर हातात घेऊनही कधी घेतल्या ते आठवेना.

सुरुवात कुठून करू?

सगळ्या बाहेर काढण्यापासून. एकेक कप्पा आवरत गेलं तर पर्स एका फळीवरून दुसऱ्या फळीवर जाते, एवढंच होतं. सगळ्या एकाच वेळी पलंगावर मांडा, तेही सकाळी, खिडकीतून उजेड येत असताना. दिव्याच्या उजेडात मातकट आणि तपकिरी एकच दिसतात, बुरशीचे ठिपके तर दिसतच नाहीत.

शोधताना फक्त कपाट बघू नका. पर्स लपतात माळ्यावर, प्रवासाच्या बॅगेत, दारामागच्या खुंटीला, पलंगाखालच्या कप्प्यात आणि सगळ्यात जास्त म्हणजे दुसऱ्या पर्समध्ये. मला एका मोठ्या टोटमध्ये तीन पर्स एकात एक बसवलेल्या सापडल्या. जागा वाचावी म्हणून मीच कधीतरी ठेवल्या होत्या.

त्या दिवशी निर्णय घेण्याची घाई करू नका. काढणं, मोजणं, रिकाम्या करणं आणि पुसणं एवढ्यात अर्धा दिवस जातो.

रिकामी करताना काय काय बघायचं?

हे काम नीट करा, कारण पर्स घरातून गेली की आतलं सामानही जातं. आधी मोठा कप्पा, मग आतला चेनचा कप्पा, मग मोबाइलचा खिसा, आणि शेवटी बाहेरून मागच्या बाजूला असलेला सपाट कप्पा. हा शेवटचा कप्पा बहुतेक जणी विसरतात. मला त्यातच जुनं एटीएम कार्ड, एक्स-रेची पावती आणि कपाटाची जी किल्ली हरवली म्हणून आम्ही कुलूप बदललं होतं ती किल्ली सापडली.

त्यानंतर पर्स उलटी करून तळ चाचपा. अस्तराची शिवण कप्प्याच्या कोपऱ्यात उसवते आणि नाणी, कानातलं, छोटी किल्ली अस्तर आणि बाहेरच्या थराच्या मधे जाऊन बसते. बोटांना टणक काही लागलं तर कप्प्यातून हात घालून ते भोक शोधा, वस्तू तिथूनच बाहेर येते. माझ्या एका सोनेरी कानातल्याचा जोड असा आठ वर्षांनी जमला.

नाव, पत्ता, खाते क्रमांक किंवा औषधांची चिठ्ठी असलेले कागद फाडून टाका. पर्स कुणाच्याही हातात जाऊ शकते.

कुठली ठेवायची आणि कुठली काढायची, हे ठरवायचं कसं?

'आवडते का?' असं स्वतःला विचारू नका. आवडतात म्हणूनच तर घेतल्या. उत्तर सगळ्यांना 'हो' येईल आणि संध्याकाळी सगळ्या परत कपाटात जातील. माझं पहिल्या दोन वेळा हेच झालं.

पर्सला तिचं काम विचारा. युरोपात अठराव्या शतकात बायका घेरदार झग्याच्या आत कमरेला नाडीने कापडी खिसे बांधत. शतकाच्या अखेरीस अंगालगत बसणाऱ्या पातळ कापडाच्या झग्यांची फॅशन आली, आत खिसा मावेना, आणि तो हातात धरायच्या छोट्या पिशवीच्या रूपात बाहेर आला. त्या पिशवीला रेटिक्युल म्हणत. म्हणजे पर्स हा बाहेर आलेला खिसा आहे. खिशात हात सहज जात नसेल तर कितीही सुंदर असला तरी त्याचा उपयोग नाही.

म्हणून परीक्षा हातात घेऊनच करायची. तुम्ही रोज जे नेता ते सगळं समोर ठेवा: मोबाइल, पाकीट, किल्ल्या, चष्मा, पाण्याची बाटली, औषधं, छत्री, जे असेल ते. मग एकेक पर्स घ्या, त्यात ते भरा आणि घरातल्या घरात पंधरा मिनिटं वागवा. खाली बसून चपलेचा पट्टा लावा. मोबाइल वाजतोय असं समजून एका हाताने काढा. जिन्यावरून वर-खाली करा. दहाव्या मिनिटाला पट्टा खांद्यावरून घसरतो की नाही, चेन उघडताना मनगटाला घासते की नाही, पर्स खाली ठेवली की तोंडावर पडते की नाही, हे सगळं कळतं. आरशासमोर अर्धा मिनिट उभं राहून यातलं काहीच कळत नाही.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर रिकामी पर्स ठेवून वजनही करा. माझी सर्वात लाडकी लाल टोट रिकामी असतानाच सव्वा किलोची निघाली. त्यात एक लिटरची भरलेली बाटली टाकली की बाटलीचं पाणीच एक किलो. म्हणजे मोबाइल आणि पाकीट टाकायच्या आधीच सव्वादोन किलो आणि वर बाटलीचं वजन. तिला मी का टाळत होते ते त्या दिवशी समजलं. आवड होतीच, खांदा तयार नव्हता.

या परीक्षेतून पास झालेल्या पर्सची कामानुसार वाटणी करा: रोजची, कागद किंवा लॅपटॉप नेण्याची, हात मोकळे ठेवायची, समारंभाची, प्रवासाची. एका कामाला चार-चार पर्स जमल्या असतील तर त्यातली तुम्ही आपोआप उचलता ती कुठली, हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं. तिचे कोपरे जरा झिजलेले असतात.

'कधीतरी लागेल' असं वाटतं, त्याचं काय?

'कधीतरी' म्हणजे कधी, याचं उत्तर देता आलं तर ठेवा. 'पावसात कागद भिजू नयेत म्हणून', 'दवाखान्यात रात्र काढावी लागली तर' ही खरी कारणं आहेत. प्रसंग डोळ्यांसमोर येत नसेल तर खोक्याचा उपाय करा. शंका असलेल्या पर्स एका खोक्यात घाला, चिकटपट्टी लावा, वर आजची तारीख आणि सहा महिन्यांनंतरची तारीख लिहा. मधे एखादी हवीच झाली तर खोकं उघडून तेवढीच काढा. माझ्या खोक्यात १२ होत्या. सहा महिन्यांत मी दोन काढल्या. बाकीच्या दहा देताना पुन्हा निवड करत बसले नाही, तसंच खोकं उचललं. उघडलं असतं तर परत गुंतले असते, हे मला माहीत होतं.

महागाची आहे, वापरत नाही, पण सोडवत नाही. काय करू?

आधी हे समजून घ्या की हे तुमचं एकटीचं नाही. १९९० मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि अर्थशास्त्रज्ञ जॅक नेच व रिचर्ड थेलर यांनी कॉफीच्या मगांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. काही जणांना मग देऊन टाकले आणि ते किती किमतीला विकाल असं विचारलं. ज्यांच्याकडे मग नव्हते त्यांना किती देऊन घ्याल असं विचारलं. विकणाऱ्यांनी सांगितलेली किंमत घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट होती, आणि ते कॉफीचे मग तर नुकतेच हातात आलेले. तुमच्याकडे पर्स सात वर्षं आहे. ती तुम्हाला बाजारभावापेक्षा जास्त मोलाची वाटणारच.

दिलेले पैसे पर्स ठेवली तरी परत येत नाहीत. म्हणून मी किमतीचा विचार बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारते: ही आज हरवली, तर उद्या मी अशीच दुसरी आणेन का? 'आणेन' असेल तर ती उद्यापासून वापरायला काढा. 'सुटले' असं वाटलं तर ती विकण्याच्या ढिगात.

न वापरता नीट जपून ठेवली तर टिकेल ना?

हा प्रश्न मला सर्वात जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर मला फार उशिरा कळलं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

माझ्याकडे एक काळी पर्स होती. मऊ, चमक नसलेली, सोनेरी कडीची. चांगल्या प्रसंगाला लागेल म्हणून मी ती तिच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवली. चार वर्षांत बहुधा तीनदा नेली असेल. मग एका समारंभाला निघताना काढली, तर पिशवीचं कापड तिला चिकटलेलं. ओढलं तसे काळे पापुद्रे निघाले आणि पर्सच्या अंगावर खालचं करड्या रंगाचं कापड दिसू लागलं. माझ्या तळव्यांवर, साडीच्या निऱ्यांवर, सगळीकडे काळे कण. मी तिला इतकं जपलं होतं की उन्हातसुद्धा ठेवली नव्हती.

कारण असं आहे. आपण ज्याला रेक्झिन, फॉक्स लेदर, पीयू किंवा व्हेगन लेदर म्हणतो, ते बहुतेक वेळा कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर असतो. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. हवेतल्या ओलाव्याशी त्याची हळूहळू रासायनिक क्रिया होते, त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटत जातात, थर आधी चिकट होतो आणि मग सुटतो. पर्स बनली त्या दिवसापासून हे सुरू होतं. ती खांद्यावर आहे की कपाटात, याने थांबत नाही. दमट, कोंदट कपाटात तर वेग वाढतो. पीव्हीसीचं दुखणं वेगळं. त्याला मऊ ठेवण्यासाठी मिसळलेली द्रव्यं कालांतराने पृष्ठभागावर येतात, त्यामुळे पर्स चिकट होते आणि पुढे कडक होऊन तडकते.

खरं चामडं जास्त टिकतं, पण तेही कपाटात आपोआप सुरक्षित नसतं. फार कोरड्या हवेत ते ताठरतं आणि घडीवर चिरतं. हवेतली आर्द्रता दीर्घकाळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. चामड्याला हात लागणं, हवा लागणं, अधूनमधून पुसलं जाणं हे सगळं मानवतं.

तेव्हा रेक्झिनची चांगली पर्स 'पुढे वापरू' म्हणून ठेवू नका. आत्ता वापरा, नाहीतर धड आहे तोवर वापरणाऱ्या कुणाला तरी द्या.

चामडं आहे की रेक्झिन, घरी कसं ओळखू?

शिवण जिथे कापून सोडलेली असते तिथली कड बघा, पट्ट्याच्या टोकाला किंवा आतल्या खिशाच्या तोंडाशी. चामड्याच्या कडेला तंतूंचं गुंतागुंतीचं, जरा लवदार जाळं दिसतं. रेक्झिनला वर प्लास्टिकचा पातळ थर आणि खाली विणलेलं कापड, असे दोन पदर सरळ वेगळे दिसतात. कडेला रंग दिलेला असेल तर मात्र कळणं अवघड जातं. 'बॉन्डेड लेदर' लिहिलेलं असलं तर ते चामड्याच्या चुऱ्याला चिकटवून वर थर दिलेलं असतं आणि त्याचेही पापुद्रे सुटतात.

पापुद्रे सुटलेली पर्स दुरुस्त होते का?

नाही. वरून रंग दिला तर तो सुटणाऱ्या थरावरच बसतो आणि त्याच्याबरोबर पडतो. कड्या, हुक, चांगला पट्टा काढून ठेवा, बाकी टाकून द्या. अशी पर्स दुसऱ्या कुणालाही देऊ नका, घेणारीचे कपडे खराब होतील.

मग दुरुस्त करण्यासारखं काय असतं?

बरंच काही, आणि यावरून पर्स ठेवण्याचा निर्णय बदलू शकतो. चेन लावली तरी मागून उघडी राहते, ही तक्रार सर्वात नेहमीची. आपण म्हणतो चेन गेली. दात जागेवर असतील तर चेन ठीक असते, रनर सैल झालेला असतो. रनरच्या दोन्ही बाजू पकडीने अगदी हलक्या, समान दाबल्या की दात पुन्हा जुळतात. जोरात दाबलं तर रनर अडकतो, म्हणून थोडं दाबून चालवून बघत जा. तरी नाही जमलं तर कारागीर नुसता रनर बदलून देतो. दात तुटले असतील तरच पूर्ण चेन बदलावी लागते.

उसवलेला पट्टा, निखळलेली कडी, फाटलेलं अस्तर, सैल चुंबकी बटण ही सगळी कारागिराकडे होणारी कामं आहेत. झिजलेले कोपरे चामड्याचे असतील तर रंगवून पुष्कळ सुधारतात.

एक अट मात्र स्वतःला घाला. दुरुस्तीच्या ढिगातल्या पर्स पंधरा दिवसांत कारागिराकडे पोचल्या पाहिजेत. त्या तारखेनंतरही घरातच असतील तर ती पर्स तुम्हाला नको आहे.

आईची पर्स आहे. वापरणार नाही, पण देववतही नाही.

देऊ नका. माझ्या ११ मधली एक अशीच आहे. आईची पर्स, तपकिरी, चापाची, आतल्या खिशात तिने स्वतःच्या हाताने फोन नंबर लिहिलेला चौकोनी कागद, शाई फिकी झालेली. चाप उघडताना जो 'टक' आवाज होतो त्याने मला ती दारात उभी असल्यासारखं वाटतं. ही पर्स कुठल्याच कामाला लागत नाही आणि मला तिला काम विचारायचंही नाही.

पण आईच्या मला सात पर्स मिळाल्या होत्या. सातही ठेवल्या तेव्हा मी एकही उघडत नव्हते, कारण सात उघडायचं ओझं वाटायचं. मग ज्या पर्समध्ये ती मला सर्वात जास्त दिसते ती ठेवली, दोन मावशांना दिल्या, चार इतरांना. देण्यापूर्वी फोटो काढले आणि प्रत्येकीत काय होतं ते लिहून ठेवलं. एकीच्या अस्तरात तिच्या निळ्या ब्लाउजचं सुटं बटण होतं. ते आता त्या तपकिरी पर्समध्ये आहे.

घरात दुःख ताजं असेल तर या पर्सना आत्ता हात लावू नका. बाकीच्यांपासून सुरुवात करा. ही आवराआवर वर्षभर थांबली तरी काही बिघडत नाही.

भेट मिळालेली पर्स दिली तर देणाऱ्याला वाईट वाटेल का?

क्वचित. बहुतेकांना आठवतही नसतं. फारच जवळची व्यक्ती असेल तर तिलाच मोकळेपणाने विचारा, 'मला ही वापरायला होत नाही, तुला हवी का?' मला दोनदा 'बरं झालं विचारलंस' असंच उत्तर आलं.

पण मला पर्सची हौस आहे. जमवणं हा छंद नाही का?

आहे की. आणि मी तो सोडा असं म्हणत नाही. हेन्द्रिक्ये इवो या डच बाईंनी कासवाच्या कवचाची, शिंपल्याचं जडावकाम केलेली १८२० च्या सुमाराची एक पर्स घेतली आणि तिच्या इतिहासाच्या मागे लागल्या. त्यातून पुढे ॲमस्टरडॅमचं पर्सचं संग्रहालय उभं राहिलं. तिथे पाच हजारांहून जास्त वस्तू होत्या. २०२० मध्ये ते बंद झालं. त्या वस्तू दमट माळ्यावर पडून नव्हत्या. प्रत्येक कधीची, कशाची, कुणाच्या वापरातली, याचा शोध घेतलेला होता. तुमच्याही पर्सबद्दल तुम्हाला असं काही सांगता येत असेल, त्या मांडलेल्या आणि निगा राखलेल्या असतील, तर तो संग्रह आहे आणि तो कमी करायची गरज नाही.

वापरानेही पर्सचं मोल जात नाही, हे सांगायला जेन बर्किनचं उदाहरण मला आवडतं. ही अभिनेत्री-गायिका विमानात एर्मेस कंपनीचे प्रमुख ज्याँ-लुई द्युमा यांच्या शेजारी बसली होती आणि आपल्याला सोयीची मोठी पर्स मिळत नाही अशी तिची तक्रार होती. त्यातून १९८४ मध्ये बर्किन बॅग तयार झाली. तिच्यासाठी बनवलेली पहिली बॅग तिने जवळजवळ दहा वर्षं रोज वागवली, तिच्यावर स्टिकर चिकटवले, नखं कापायचं नेलकटर तिलाच लटकवलं आणि १९९४ मध्ये एड्सविरोधी कामासाठी लिलावात देऊन टाकली. तीच बॅग जुलै २०२५ मध्ये पॅरिसला पुन्हा लिलावात आली आणि लिलावात विकली गेलेली जगातली सर्वात महाग हँडबॅग ठरली. स्टिकरच्या खुणा आणि नेलकटर तिच्यावर तेव्हाही होतं.

विकायची असेल तर काय तयारी करू?

फोटो दिवसाच्या उजेडात काढा. समोरून एक सुंदर फोटो पुरत नाही. घेणाऱ्याला चारही कोपरे, तळ, हँडल, चेन, अस्तर आणि असेल तो डाग दिसला पाहिजे. लांबी-रुंदी, पट्टा किती खाली येतो आणि वास येतो का, हेही लिहा. कपाटाचा कुबट वास फोटोत दिसत नाही आणि भांडणं त्यावरूनच होतात.

नामांकित कंपनीची पर्स असेल तर पावती, पिशवी, कार्ड जे असेल ते शोधून ठेवा. पण नुसत्या कार्डाने अस्सलपणा सिद्ध होत नाही, कार्डांच्याही नकला निघतात. लुई व्हिताँ आणि शनेल या दोन्ही कंपन्यांनी २०२१ च्या सुमारास आतल्या छापील क्रमांकाऐवजी चिप बसवायला सुरुवात केली. त्यामुळे नव्या पर्समध्ये पूर्वीसारखा क्रमांक दिसला नाही तर घाबरू नका आणि जुन्या पर्समध्ये चिप शोधू नका. मगर किंवा अजगराच्या कातडीची पर्स असेल तर परदेशात पाठवण्याआधी नियम बघा. वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर १९७५ पासून लागू असलेल्या साइट्स (CITES) या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा वस्तूंना सीमा ओलांडताना परवाने लागू शकतात.

दोन महिन्यांत विकली गेली नाही तर किंमत उतरवा किंवा देऊन टाका. विकायला ठेवलेल्या पर्स घरात जागा अडवतातच.

नक्कल आहे हे मला माहीत आहे. विकू का?

नाही. 'नक्कल आहे' असं सांगूनसुद्धा विकणं बहुतेक ठिकाणी कायद्यात बसत नाही. स्वतः वापरून संपवा.

दान कुणाला करू?

ज्याला तिचा उपयोग आहे अशा माणसाला, आणि शक्यतो विचारून. नव्याने नोकरी शोधणाऱ्या मुलीला कागद न दुमडता मावतील अशी टोट लागते. घर सोडून आधारगृहात आलेल्या बाईला चेन नीट लागणारी, आडवा पट्टा असलेली पर्स लागते, कारण तिचं सगळं त्यातच असतं. नाटकाच्या मंडळींना जुन्या काळचे क्लच हवे असतात. मी सरसकट पोतं भरून दिलं नाही. आधी काय हवं ते विचारलं, त्याने माझाही निर्णय सोपा झाला.

देण्याआधी आतून झटकून, ओलसर फडक्याने पुसून, एक दिवस हवेवर ठेवा. आपल्या बहिणीला जशी देऊ तशी.

उरलेल्या कशा ठेवू?

उभ्या ठेवा. हँडलला धरून वर्षानुवर्षं टांगली तर हँडल ताणलं जातं आणि जोडाजवळ चामडं चिरतं. आकार राहावा म्हणून आत जुना सुती टी-शर्ट किंवा आम्लरहित टिश्यू कागद भरा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई अस्तराला लागते. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, आत ओल कोंडते. जुन्या उशीचा अभ्रा उत्तम. साखळीचा पट्टा कापडात गुंडाळून आत ठेवा, नाहीतर कड्यांचे ठसे चामड्यावर उमटतात.

दोन पर्स एकमेकींना टेकू देऊ नका, विशेषतः फिकी आणि गडद. पेटंट लेदर, म्हणजे ते आरशासारखं चमकणारं, शेजारचा रंग शोषून घेतं. माझ्या दुधी रंगाच्या पेटंट पर्सवर शेजारच्या मरून पर्सचा पंजाएवढा गुलाबी डाग आहे. तो पुसून जात नाही, कारण रंग वरच्या थरात उतरलेला आहे.

सिलिका जेलच्या पुड्या टाकत असाल तर बदलत राहा. ओलावा शोषून भरल्या की त्यांचा उपयोग संपतो. महिन्यातून एकदा सगळ्या बाहेर काढून तासभर वाऱ्यावर ठेवणं मला जास्त भरवशाचं वाटतं. ११ पर्सचं हे होतं. ४३ पर्सचं मी एकदाही केलं नव्हतं.

पर्स बदलायचा कंटाळा येतो, म्हणून एकच वापरली जाते. काही उपाय?

आतलं सामान दोन छोट्या पाऊचमध्ये बांधा. एकात औषधं, कंगवा, पॅड, सेफ्टी पिन. दुसऱ्यात चार्जर, पेन, चष्मा पुसायचं फडकं. पाकीट आणि किल्ल्या मोकळ्या. पर्स बदलणं म्हणजे चार वस्तू उचलून ठेवणं, अर्ध्या मिनिटाचं काम. ज्या पर्समध्ये हे दोन पाऊच मावत नाहीत ती फक्त समारंभाची.

पुन्हा वाढू नयेत म्हणून काय करता?

'एक आली की एक जाईल' हा नियम मी पाळून पाहिला, पण त्यात नको ती पर्स घरातून जाते आणि घेण्याची सवय तशीच राहते. आता मी घेण्याआधी वहीत दोन ओळी लिहिते: गेल्या महिन्यात कुठे जाताना माझ्याकडे योग्य पर्स नव्हती, आणि तिथे काय न्यायचं होतं. पहिल्या ओळीला उत्तर नसेल तर घेत नाही. असेल तर ते सामान सोबत नेऊन दुकानातच भरून बघते. गेल्या वर्षभरात एकच घेतली, पाण्याची बाटली उभी राहते अशी.

घरातल्या दुसऱ्या कुणाच्या पर्स खूप आहेत. मी आवरू का?

हात लावू नका. त्यांनी विचारलं तर मदत करा, तेही मोजायला आणि पुसायला. ठरवायचं त्यांनीच.

देऊन टाकलेल्या पर्सची नंतर आठवण आली तर?

येते. मला एकीची येते. छोटी, विटकरी रंगाची स्लिंग, मागे कप्पा. खोक्यातून न उघडता गेली. दोन महिन्यांनी एका प्रवासाला निघताना हात सवयीने तिच्या जागेकडे गेला. तशी दुसरी आणायची इच्छा झाली, पण आधी घरात आहे ती करडी स्लिंग घेऊन गेले. तिचा पट्टा मला लांब पडत होता. परत आल्यावर कारागिराकडून दोन भोकं वाढवून घेतली, आता ती नीट कमरेशी बसते.